साळवींचा नारळ परत येतो

चांगली वस्तू वापरायची वेळ आली की बाळकृष्ण साळवींच्या पोटात कालवायला लागतं. वस्तू वापरली की जुनी होते आणि ठेवून दिली की कोरी राहते, हे त्यांचं तत्त्व. या तत्त्वावर त्यांनी ओमानमध्ये, रुवीतल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीचं स्टोअर वीस वर्षं सांभाळलं होतं. कुणी नवा हातमोजा मागायला आला, की साळवी आधी जुना दाखवायला सांगत. जुना दाखवला, की तो उलटून बघत आणि म्हणत, "अजून चालेल की!" वादी अदाईतल्या त्यांच्या फ्लॅटमध्येही हाच कारभार होता. शोकेसमधला काचेचा डिनर सेट पाहुण्यांसाठी होता आणि पाहुणे आले की तो फुटेल म्हणून स्टीलची ताटं निघत.

त्यामुळे वीस वर्षांच्या नोकरीबद्दल अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, एक गुळगुळीत लिफाफा हातात ठेवला तेव्हा तो लिफाफा कुठे जाणार हे ठरलेलंच होतं. आत एका आलिशान रिसॉर्टचं कूपन होतं. समुद्रकाठी दोन रात्री, दोन माणसं, खाणंपिणं सगळं आत. कूपनावर फोटो होता. पांढऱ्या बशीत अख्खा भाजलेला मासा, बाजूला लिंबाची फोड आणि मागे निळा समुद्र. साळवींनी तो लिफाफा पासपोर्टांच्या खाली ठेवला. आल्यागेल्याला ते तो बाहेर काढून दाखवत, मासा सगळ्यांकडून बघून घेत आणि पुन्हा कपाटात ठेवत. असं वर्ष गेलं. निम्मं रिसॉर्ट तर त्यांनी असं घरबसल्याच उपभोगलं.

शेवटी शेजारच्या बेंजामिनने घोटाळा केला. बेंजामिन वसईचा. हल्ली एका ऑफिसात होता, पण तरुणपणी चार वर्षं मुंबईच्या हॉटेलात काढल्यामुळे जगातल्या कुठल्याही हॉटेलवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तो धरून चालत असे. त्याने कूपन उलटं करून बारीक अक्षर वाचलं.

"साळवी, अरे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हे खलास होतंय. मग काय वडे बांधणार याच्यात?"

साळवींनी तिथल्या तिथे फोन लावला. फक्त एक बुधवार-गुरुवार शिल्लक आहे, असं पलीकडून सांगण्यात आलं. साळवींनी तो पकडला. मराठी कॅलेंडर समोरच्याच भिंतीवर होतं, पण फोनवर इंग्रजी बोलताना साळवींना डोळे मिटून घ्यायची सवय आहे. त्यामुळे त्या वर्षी रमझान आणि श्रावण हातात हात घालून एकदमच आले आहेत आणि आपण बरोबर त्या दोघांच्या मधोमध जाऊन बसलो आहोत, हे त्यांना फार उशिरा कळलं. साळवींच्या घरात श्रावणभर मासा येत नाही. हा त्यांच्या आईचा नियम. आई देवरुखला, पण नियमाला व्हिसा लागत नाही.

"बुकिंग बदलत नाही म्हणतात," साळवी पडेल आवाजात म्हणाले.

"मग जाऊ तसंच," साळवींच्या पत्नी सुगंधावहिनी म्हणाल्या. "मासा नाही तर नाही. समुद्र तर आहे ना?" आणि तारीख ऐकून त्या मनाशी काहीतरी हसल्या. हे हसणं साळवींनी तेव्हा नीट बघायला हवं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी बेंजामिन आणि त्याची बायको रोझलिन सल्ला द्यायला आले. रोझलिनने वहिनींना स्वतःची गवती हॅट दिली आणि साडीवर ती कशी दिसते ते बघून परत घेतली. बेंजामिनने साळवींना समोर बसवलं.

"हे बघ, बॅग स्वतः उचलायची नाय. सकाळी चादरीच्या घड्या घालायच्या नाय. थँक्यू दिवसातून दोनदा, जास्त नाय. आणि मेन गोष्ट म्हणजे चेहरा."

"चेहऱ्याचं काय?"

"तू खूश दिसलास की लोक समजतात, पहिल्यांदा आलाय. मोठी माणसं कधी खूश दिसत नाय. जरा नाराज राहायचं. जरासंच. म्हणजे हे ठीक आहे, पण मागच्या वेळचं बरं होतं, असं."

साळवींनी रात्री आरशासमोर उभं राहून मागच्या वेळचं बरं होतं असा चेहरा केला. तो त्यांना फारच सोपा गेला. स्टोअरमध्ये रोज तोच असतो.

बुधवारी दुपारी टॅक्सी रिसॉर्टच्या दारात थांबली, तेव्हा बाहेर भट्टी पेटली होती आणि आत हिवाळा होता. साळवींची बॅग कुणीतरी अलगद काढून घेतली. त्यांनी तिचा पट्टा सोडायला थोडा वेळ लावला, पण सोडला. मग त्यांनी चेहरा लावला.

पाहुण्यांची देखभाल बघणारी सफूरा नावाची ओमानी बाई पुढे आली. तिला हिंदी सफाईने येत होतं. तिने हसून स्वागत केलं, साळवींच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू मावळलं. खोली दाखवली. साळवी नाराज. लगेच दुसरी खोली दाखवली, समुद्राकडे तोंड असलेली, बाथरूममध्ये होडीएवढा टब. साळवी अजून नाराज. पाच मिनिटांत फळांची परडी आली, फुलं आली आणि उशा निवडायला एक माणूस आला.

"अहो, जरा हसा," वहिनी कुजबुजल्या. "त्या बाईला रडू येईल."

"तू गप्प बस. चाललंय ते बरोबर चाललंय."

खरं तर साळवींना त्या मऊ गालिच्यावर अनवाणी धावावंसं वाटत होतं. पण प्रतिष्ठा ही अशी वस्तू आहे की एकदा बाहेर काढली की जपावीच लागते. तिकडे सफूराने सगळ्या स्टाफला निरोप दिला की समुद्राकडच्या खोलीतले इंडियन साहेब खूश नाहीत, त्यांची खास काळजी घ्या. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हे.

रमझानमुळे दिवसा रेस्टॉरंटला पडदे होते आणि खाणं खोलीत येत होतं. सूर्य बुडाला, अजान झाली आणि एका मोठ्या तंबूत जेवण मांडलं गेलं. साळवी आत गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. समोर बर्फावर सुरमई पसरली होती. इकडचा हमूर मासा होता, कोळंबी होती. टोपी घातलेला आचारी मागेल त्याला मागेल तो तुकडा भाजून देत होता. कूपनावरचा मासा सहकुटुंब सहपरिवार येऊन वाट बघत होता.

साळवींनी बशीत काबुली चणे, काकडी आणि दही घेतलं. आचाऱ्याने सुरमईचा मधला तुकडा चिमट्यात धरून त्यांच्याकडे आशेने बघितलं. साळवींनी मान फिरवली. आता तो नाराज चेहरा लावावा लागत नव्हता, आतून येत होता. सफूरा लांबून बघत होती. तिने आचाऱ्याला काहीतरी विचारलं. आचाऱ्याने खांदे उडवले.

गुरुवारी सकाळी साळवी उठले तेव्हा वहिनी काठापदराची साडी नेसून, बॅगेतला चांगला टॉवेल सोडत होत्या. टॉवेलातून निघाला नारळ. शेंडीवाला, टपोरा. पाठोपाठ हळदकुंकवाचा करंडा आणि अक्षता.

"हे काय?"

"आज नारळी पौर्णिमा."

साळवींना सगळा प्रसंग डोळ्यांपुढे दिसला. खाजगी किनारा, आरामखुर्च्यांत पहुडलेले गोरे लोक आणि त्यांच्यामधून नारळ घेऊन चाललेले साळवी.

"अगं, हे पंचतारांकित आहे! इथे कुणी नारळ फेकतं का?"

"फेकायचा नसतो, द्यायचा असतो," वहिनी म्हणाल्या. "अहो, धनेशने नवी होडी घेतलीय. आज पहिल्यांदा पाण्यात घालणार. मागे वादळात त्याची जुनी गेली तेव्हापासून मला धास्ती आहे. मी त्याला शब्द दिलाय, तू वेंगुर्ल्याला नारळ दे, मी इकडून देते. समुद्र एकच आहे. माझा फोन आल्याशिवाय तो होडी घालणार नाही."

धनेश हा वहिनींचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर वहिनींनीच त्याला वाढवलेला. साळवी नरमले, पण पूर्ण नरमले नाहीत.

"वीस वर्षांत कधी दिला नाहीस तो?"

"दर वर्षी म्हणते, मत्रहला समुद्रावर जाऊ या. तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी. वादी अदाईत चारी बाजूंनी डोंगर. नारळ काय डोंगराला देऊ?" मग टॉवेलाची घडी घालत त्या सहज म्हणाल्या, "माहेरी तर नारळ दिला की त्याच दिवशी ताटात मासा असायचा. आमचा श्रावण तिथेच सुटायचा."

साळवी पलंगावरून उठले.

"काय म्हणालीस?"

"दर्यावर्दी माणसं आम्ही. समुद्राने नारळ घेतला की मासा खायला मोकळी. तुमच्या आईंनी महिनाभर सांगितलं म्हणून मी महिनाभर पाळलं."

"वीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

साळवींनी चप्पल पायात घातली. "चल, ऊन व्हायच्या आत देऊन टाकू. परंपरा म्हणजे परंपरा."

किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. फक्त लांब उंच खुर्चीवर गुलजार नावाचा जीवरक्षक बसला होता आणि त्याच्या खाली पाटी होती, समुद्रात काहीही टाकू नये. वहिनींनी नारळाला हळदकुंकू लावलं, हात जोडले. त्यांना गुडघाभर पाण्यात जाऊन तो हळूच सोडायचा होता. पण साळवींना घाई होती, पाटी दिसत होती आणि पाण्याची भीती होती. देवरुखच्या डोंगरात वाढलेला माणूस. त्याला समुद्र फोटोतच आवडतो. त्यांनी नारळ घेतला आणि दणकून फेकला. नारळ जेमतेम अंगणाबाहेर जाईल एवढ्या अंतरावर पडला. गुलजारची मान वळायच्या आत साळवींनी बायकोचा हात धरून माघार घेतली.

नाश्ता अर्धा झाला असेल नसेल, दारावरची घंटा वाजली. दारात गुलजार उभा. हातात चांदीचा ट्रे, ट्रेवर पांढरा नॅपकिन, नॅपकिनवर नारळ. धुऊन, पुसून. हळदकुंकवाचा मागमूस नाही.

"साहब, आपका नारियल," तो अभिमानाने म्हणाला. "लहर ने किनारे पे डाल दिया था. मॅडम ने बोला है, आपका कोई सामान इधर-उधर नहीं होना चाहिए."

साळवींनी दिवसातलं पहिलं थँक्यू खर्च केलं. मागे वळून बघतात तो वहिनी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"घेतला नाही समुद्राने," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात धनेशचा मिस्ड कॉल आला. वहिनींनी उलट फोन लावला.

"ताय, दिलंस काय गो नारळ? हयसर सगळे खोळंबलेत."

"देते रे. जरा थांब," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवून डोळे पुसले. वीस वर्षांच्या संसारात साळवींनी त्यांना भांडताना, दमताना, उपाशी बघितलं होतं. पण घाबरलेलं फारसं बघितलं नव्हतं. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. सुरमईचं वाईट वाटत होतंच, पण हे निराळं होतं.

दुपारभर उन्हाने बाहेर पाय टाकू दिला नाही. साळवी खिडकीशी बसून भरतीओहोटीचा अभ्यास करत होते. या विषयात त्यांना काडीचं कळत नव्हतं, तरी अभ्यास केल्याने त्यांना धीर आला. ऊन कलल्यावर दोघं किनाऱ्याच्या टोकाला, दगडांच्या बांधावर गेली. इथे पाणी खोल होतं. वहिनींनी पुन्हा कुंकू लावलं, नारळ वरून सोडला. तो बुडाला, वर आला आणि खरंच हळूहळू आत जाऊ लागला. शेंडी तेवढी वर, लाटेवर मान हलवत.

"चालला!" साळवी आनंदाने ओरडले आणि हात हलवू लागले.

लांबून गुलजारला काय दिसलं? खोल पाण्यात शेंडीवालं एक डोकं खालीवर होतंय आणि बांधावर नाराज साहेब आकांताने हात हलवताहेत. कर्कश शिट्टी वाजली. गुलजारने लाल तरंगती फळी उचलली आणि समुद्रात उडी घेतली. आरामखुर्च्यांतले गोरे लोक उठून उभे राहिले. एका बाईने तोंडावर हात ठेवला. गुलजार हात मारत मारत डोक्यापर्यंत पोचला, त्याने ते काखेत धरलं, क्षणभर थांबला आणि मग नारळासकट परत फिरला. किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या.

तो बांधाशी आला तेव्हा त्याला धाप लागली होती. "साहब," तो ओठ पुसत म्हणाला, "रोजा है मेरा. पानी भी नहीं पी सकता. ये नारियल आपको रखना है कि फेंकना है, एक बार बता दो."

साळवींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर सफूरा वाळूतून धावत आली होती. तिने नारळ बघितला, कुंकू बघितलं, वहिनींचे ओले डोळे बघितले आणि शेवटी साळवींचा चेहरा बघितला.

"सर, कल से आप नाराज हैं. खाना आप खाते नहीं. अब ये. हमसे क्या गलती हुई?"

आणि इथे साळवींची जपून ठेवलेली प्रतिष्ठा एकदाची वापरात आली. त्यांनी तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. चेहरा आपला नाही, शेजाऱ्याच्या सल्ल्याचा आहे. खोली इतकी छान आहे की आपण रात्री दोनदा उठून टबमध्ये नुसते बसून आलो. मासा श्रावणामुळे खाल्ला नाही, खायची इच्छा मात्र फार आहे. आणि नारळ हा कचरा नाही. बायकोच्या भावाची होडी पाण्यात जायची आहे आणि समुद्राने हा घेतल्याशिवाय तिच्या जिवाला थारा नाही.

गोरे लोक ऐकत होते. त्यांना कळत काही नव्हतं, पण साळवींना वाटलं सगळं कळतंय. ते कानापर्यंत लाल झाले.

सफूरा वहिनींकडे वळली. "माझे वडीलसुद्धा होडीवर होते," ती हिंदीत हळू म्हणाली. "ते परत येईपर्यंत आई खाली बसायची नाही." मग तिने घड्याळ बघितलं. "किनाऱ्यावरून टाकायला मी परवानगी देऊ शकत नाही. पण आमची बोट आता इफ्तारच्या आधी एक फेरी मारते. आत गेल्यावर समुद्र रिसॉर्टचा नाही."

वहिनींचा चेहरा उजळला. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. साळवी बोटीत बसत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. एकदा मुंबईला गेटवेच्या बोटीतून त्यांना कडेवर घेतल्यासारखं उतरवावं लागलं होतं, तेही बोट सुटायच्या आधी.

"मी एकटी जाऊन येते," वहिनी म्हणाल्या.

"एकटी कशी जाशील?" साळवी म्हणाले आणि स्वतःच दचकले. पण शब्द बाहेर पडला होता.

भगव्या रंगाचं फुगीर जाकीट घालून, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने बायकोचा पदर धरून साळवी समुद्रात गेले. त्यांच्यासमोर बसलेल्या गोऱ्या जोडप्याने त्यांचे फोटो काढले. साळवींनी काढू दिले. बोट थांबली आणि डुलायला लागली. किनारा लांब, पिवळा दिसत होता. वहिनी कठड्यावरून वाकल्या. नारळाला त्यांनी तिसऱ्यांदा हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि दोन्ही हातांनी तो पाण्यावर ठेवला, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा.

"माझ्या धनेशला सांभाळ रे बाबा," त्या म्हणाल्या.

साळवींनीही हात जोडले. त्यासाठी दांडा सोडावा लागला, तो त्यांनी सोडला. नारळ जरा रेंगाळला, मग ओढ लागल्यासारखा आत निघाला आणि चकाकत्या पाण्यात दिसेनासा झाला. वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. साळवींच्या पोटात कालवत होतं. या खेपेला मात्र कारण साधं होतं. बोट लागली होती.

धक्क्यावर उतरल्याबरोबर वहिनींनी फोन लावला. "दिला रे! घेतला त्याने. घाल होडी." पलीकडे एकच कल्ला झाला. ढोलकी वाजत होती, कुणी ओरडत होतं आणि त्या सगळ्यात धनेशचा आवाज आला, "गेली गो ताय, पाण्यात गेली!" वहिनींनी फोन साळवींच्या कानाला लावला. साळवींनी ऐकलं, मान डोलावली आणि घाईघाईने फोन परत दिला, कारण त्यांना बाजूच्या झुडपाकडे जायचं होतं.

अजान झाली. गुलजारने खजूर तोंडात टाकून घटाघटा पाणी प्यायलं आणि साळवींना लांबून हात केला. तंबूत त्यांच्यासाठी कोपऱ्यातलं टेबल मांडलं होतं. आचारी स्वतः आला. बशीत सुरमईचा मधला तुकडा, कडा कुरकुरीत, वर लिंबू. अगदी कूपनासारखा. साळवींनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं, वास घेतला आणि टेबल अजूनही बोटीसारखं डुलतंय हे लक्षात येऊन बशी बायकोच्या पुढे सरकवली. स्वतःसाठी दहीभात मागवला.

वहिनी जेवू लागल्या. घरात मासा आला की मधला तुकडा नवऱ्याला नाहीतर पाहुण्याला. वहिनींच्या वाट्याला शेपटी, तीही गार झाल्यावर. आज त्या गरम मासा खात होत्या, दुसऱ्या कुणीतरी भाजलेला आणि मध्ये एकदाही उठत नव्हत्या. साळवींनी चमचा खाली ठेवला. हे वीस वर्षांपूर्वी कधीतरी सुचायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी आचाऱ्याला खूण करून आणखी एक तुकडा आणवला, तोही मधला.

सफूरा धावत आली. "सर, सब ठीक है? आपका चेहरा..."

"मॅडम," साळवी म्हणाले, "आज ये हमारा खुशीवाला चेहरा है. ऐसाच है वो."

शुक्रवारी निघताना सफूराने वहिनींच्या हातात लाल फीत बांधलेली पिशवी दिली. आत नारळ होता. तुमचा आम्ही दोनदा उगाच परत आणला, त्याची भरपाई, असं ती म्हणाली.

वादी अदाईत टॅक्सी थांबली तर बेंजामिन जिन्यातच उभा. "काय साळवी? चेहरा ठेवलास की नाय?"

"ठेवला होता. तिथेच राहिला," साळवी म्हणाले आणि बॅग स्वतः उचलून वर गेले.

घरात शिरल्यावर त्यांनी नारळ पिशवीतून काढला, हलवून बघितला, फितीची गाठ नीट केली आणि कपाट उघडलं. पासपोर्टांच्या शेजारी जागा होतीच.

"छान आहे हो. पुढच्या पौर्णिमेला होईल," ते म्हणाले.

वहिनींनी नारळ त्यांच्या हातातून घेतला, उंबऱ्यावर बसल्या आणि एका फटक्यात फोडला. पाणी त्यांनी वाटीत धरून नवऱ्यापुढे केलं.

"कालचा नारळीभात राहिलाय," त्या म्हणाल्या. "शोकेसमधल्या बश्या काढा. रोझलिनला हाक मारा."

साळवींनी वाटी तोंडाला लावली. पाणी गोड होतं. मग त्यांनी शोकेसची किल्ली शोधायला सुरुवात केली. ती त्यांनी इतकी जपून ठेवली होती की भात शिजेपर्यंत सापडली नाही.